योग्य, बरोबर आणि अस्सल

एखादी वस्तु ‘योग्य’ आहे, ‘बरोबर’ आहे, किंवा ‘अस्सल’ आहे, असें आपण म्हणतों, तेव्हां हे तीन शब्द जणूं एकाच अर्थाचे तीन पोशाख आहेत अशी आपली समजूत असते. वस्तुतः या तिघांचीं कुळें निरनिराळीं आहेत. ‘योग्य’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणें या संस्कृत धातूपासून निघाला. जें जोडण्यास किंवा जुंपण्यास लायक, तें योग्य. ‘बरोबर’ हा फारसींतून आपल्याकडे आला. ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून उभे राहिलेले दोघे समान, ही कल्पना त्याच्या मुळाशीं आहे. ‘अस्सल’ हा अरबी असून ‘अस्ल’ म्हणजे मूळ. अर्थात् पहिला शब्द वस्तूच्या सोबत्याकडे पाहतो, दुसरा मापाकडे आणि तिसरा कुळाकडे. चांगल्या दिवसांत हे तिघे एकाच घरांत गुण्यागोविंदानें नांदतात, म्हणून त्यांतील भेद आपणांस जाणवत नाहीं. ते भांडूं लागले म्हणजे मात्र माणसाला कोणा एकाची बाजू घ्यावी लागते, आणि तेथें नीतीचा प्रश्न उभा राहतो. असें एक भांडण गेल्या वर्षीं माझ्या पाहण्यांत आलें. त्याचा विषय इतका क्षुद्र होता कीं, तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें त्यांत लक्ष घालावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. एका जुन्या मोटारीचें इंजिन ज्या रबरी बैठकींवर ठेवावयाचें, त्या बैठकी कोणत्या घ्याव्या, एवढाच तो विषय होता.

ज्यांच्या घरीं मोटार आहे अशा वाचकांनींहि ही वस्तु पाहिली असेल असें नाहीं. गॅरेजांत तिला ‘माउंटिंग’ म्हणतात. जुने मिस्त्री ‘फाउंडेशनचें रबर’ म्हणतात. मला हें दुसरें नांव अधिक आवडतें, कारण पाया, आणि तोहि रबराचा, यांतील विसंगति त्यांत लपलेली नाहीं. दोन लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्यें घट्ट चिकटविलेला रबराचा ठोकळा, एवढेंच तिचें स्वरूप. एक पत्रा इंजिनाला आणि दुसरा गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनीं जखडतात. इंजिनाच्या दोन अंगांस दोन आणि मागें गिअरपेटीखालीं एक, अशा तीन ठिकाणीं सामान्यतः सारा भार तोललेला असतो.

या ठोकळ्याकडून आपण परस्परविरुद्ध अशा दोन कामांची अपेक्षा करितों. त्यानें इंजिन धरून ठेवावें, आणि त्यानेंच त्याला थोडें हलूंहि द्यावें. इंजिन चाकांना ज्या जोरानें फिरवूं पाहतें, त्याच्या उलट्या प्रतिक्रियेनें तें स्वतः पिळलें जातें. न्यूटनच्या तिसऱ्या नियमांतून कोणत्याहि यंत्राची सुटका नाहीं. या पिळामुळें एका अंगाचें रबर दाबलें जातें आणि दुसऱ्या अंगाचें ओढलें जातें. रबर दाब सोसण्यांत शूर, पण पत्र्यापासून ओढलें जाण्यांत दुबळें. शिवाय इंजिन नुसतें उभें असतांनाहि स्वस्थ नसतें. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनीं मंद चालत असलें, तरी त्यांत दर सेकंदास २० स्फोट होतात. आठ सिलिंडरांच्या इंजिनांत ४०. ही थरथर सांगाड्यापर्यंत, व तेथून बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोंचूं नये, म्हणून तो ठोकळा मध्यें आहे.

आरंभींच्या पुष्कळ मोटारींत इंजिन थेट सांगाड्यावरच बोल्टांनीं आवळीत, आणि प्रवासी तें मुकाट्यानें सोशीत. १९३१ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत ‘फ्लोटिंग पॉवर’ नांवाची योजना आणली. इंजिन ज्या आसाभोंवतीं डुलावयाचें, तो आस त्याच्या गुरुत्वमध्यांतून जाईल अशा बेतानें तें दोन ठिकाणीं रबरावर ठेविलें. फ्रान्सांतील सित्रोएन कंपनीनें ही युक्ति परवान्यानें उचलली व आपल्या गाड्यांवर तरंगणाऱ्या हंसाचें चिन्ह लाविलें. वरून शांत दिसणाऱ्या हंसाचे पाय पाण्याखालीं किती धडपडत असतात हें त्या चित्रकाराच्या मनांत होतें कीं नाहीं कोण जाणे; पण इंजिनास याहून नेमकी उपमा मिळणें कठीण. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९४७ पासून क्रायस्लरच्याच घराण्यांतील गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. तेव्हां रबरावर बसलेल्या इंजिनाशीं मराठी कामगारांचा परिचय कांहीं कालपरवांचा नव्हे.

आतां निवडीचा प्रश्न. पहिला मोह कठीण बैठकीचा असतो. शर्यतीचे शौकीन रबर काढून त्या जागीं सबंध लोखंड किंवा टणक पॉलियुरेथेन घालतात. इंजिनाचा जोर जराहि वायां न जातां चाकांकडे जातो. पण थरथरहि तितक्याच निष्ठेनें सांगाड्याकडे जाते, आणि कालांतरानें एखाद्या कंसास किंवा जोडास तडा जातो. उलट अति मऊ बैठक घेतली तर गाडी उभी असतांना मोठी सुखाची वाटते, आणि निघतांना इंजिन उडी घेतें. यावर कोणी म्हणेल कीं, मग ॲरिस्टॉटलचा मध्यम मार्ग धरावा. परंतु येथें मध्य म्हणजे दोन टोकांच्या अंतराचा अर्धा भाग नव्हे. त्या रबरावर ठेविलेल्या इंजिनाला स्वतःचा असा एक झोका असतो. तो झोका इंजिनाच्या थरथरीहून पुष्कळ मंद असला तरच रबर ती थरथर गिळतें. दोहोंची गति जुळली तर जें शमविण्यासाठीं ठेविलें तेंच वाढवूं लागतें. भाऊबंदकींतले मध्यस्थ पाहतांना मला या नियमाची नेहमीं आठवण होते. वादी जितका तापट तितकाच मध्यस्थहि तापट निघाला, म्हणजे चार दिवसांचें भांडण दोन पिढ्या चालतें.

बैठकीच्या उंचीचें प्रकरण याहून नाजूक आहे. तिच्यावरून इंजिन कोठें बसणार हें ठरतें. आणि इंजिन कोठें बसलें यावरून पंखा रेडिएटरला घासेल काय, मागच्या दांड्याचा कोन बिघडेल काय, धुराची नळी कोठें अडेल काय, हें सारें ठरतें. शेव्हरोले कंपनीच्या आठ सिलिंडरी इंजिनांसाठीं दोन जातींच्या बैठकी निघाल्या, एक बुटकी व रुंद, दुसरी उंच व अरुंद. सांगाड्यावरचा कंस एका जातीचा आणि बैठक दुसऱ्या जातीची घेतली, तर दोन्ही वस्तु उत्तम, दोन्ही नव्या, दोन्ही त्याच कंपनीच्या असूनहि काम बिघडतें. तेव्हां ‘ही बैठक योग्य आहे काय?’ या प्रश्नाला, कोणत्या कंसावर, हें विचारल्यावांचून उत्तरच नाहीं. ‘युज्’ धातु येथें आपला हक्क सांगतो.

माझा एक माजी विद्यार्थी मूळचा महाडचा. अमेरिकेस गेला व तेथेंच स्थिरावला. त्याच्या वडिलांचें महाडास मुंबई-गोवा रस्त्यालगत गॅरेज आहे, आणि चाळीस वर्षें जीपगाड्या व ट्रक यांच्या पोटाखालीं निजून त्यांनीं मुलाला शिकविलें. अमेरिकेंत १९६४ च्या सुमारास बेताच्या आकाराच्या गाडींत भलें थोरलें इंजिन घालण्याची एक लाट आली होती. त्या गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण पहिलवान गाड्या म्हणूं. त्या लाटेंतली १९६८ सालची एक शेव्हरोले कॅमॅरो या मुलानें मोडक्या स्थितींत घेतली व तीन वर्षें खपून उभी केली. अशा गाड्यांचीं तिकडे प्रदर्शनें भरतात. परीक्षक खालीं वाकून बोल्टाचें डोकेंसुद्धां पाहतात, आणि जी वस्तु कारखान्यांतून निघालेल्या वस्तूसारखी हुबेहूब, तिलाच तेथें ‘करेक्ट’ म्हणतात. मुलापुढें दोन जोड्या होत्या. एक त्याच काळची, जुन्या सांठ्यांतली, खोक्यांतून कधींहि बाहेर न निघालेली. दुसरी पुढच्या काळांत सुधारलेली. तिच्यांत आंतले पत्रे एकमेकांत अशा रीतीनें अडकविलेले असतात कीं, रबर सुटलें तरी इंजिन वर उचललें जाऊं नये.

त्यानें वडिलांस विचारलें. हा संवाद वडिलांनींच मला सांगितला.

“अण्णा, परीक्षक खाली वाकून बघतात. नव्या नमुन्याचं दिसलं की गुण कापतात.”

“गाडी दाखवायची आहे की चालवायची?”

“दोन्ही.”

“मग ज्याचा जीव जाईल त्याचं आधी बघ. परीक्षकाचा जात नाही.”

वडिलांचें हें बोलणें केवळ वयोमानाच्या भीतीचें नव्हतें. त्यामागें घडलेला इतिहास आहे. १९६५ ते १९६९ या वर्षांच्या कित्येक आठ सिलिंडरी शेव्हरोले गाड्यांत डाव्या अंगाचें रबर पत्र्यापासून सुटूं लागलें. तें सुटलें कीं, चालकानें जोर देतांच इंजिन त्या अंगानें वर उचललें जाई. त्याबरोबर इंधनाची झडप उघडणारी दांडी ओढली जाई. झडप आणखी उघडल्यानें जोर आणखी वाढे. आणि वाढलेला जोर इंजिनाला वरच धरून ठेवी. याच गडबडींत ब्रेकला साहाय्य करणारी नळीहि कधीं निसटे. म्हणजे गाडी आपण होऊन धांवूं लागे, आणि थांबविण्याचें बळ त्याच क्षणीं कमी होई. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे हें कंपनी प्रथम मान्य करीना. अखेर डिसेंबर १९७१ मध्यें जनरल मोटर्सनें सुमारें ६७ लाख गाड्या परत बोलाविल्या, आणि कॅमॅरो त्यांत होती. उपाय काय योजिला म्हणाल, तर नवी बैठक नव्हे. इंजिन फार उचलूं नये म्हणून त्याला एक लोखंडी तारेचा दोर बांधून दिला! जगांतील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीनें लाखों गाड्यांचीं इंजिनें दोरानें बांधावीं, हें दृश्य एखाद्या विनोदी लेखकास सुचलें असतें तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आतां मुलाची बाजूहि नीट ऐकिली पाहिजे, कारण ती केवळ गुणांच्या लोभाची नव्हे. तो म्हणतो, “जुनी वस्तु राखणें म्हणजे तिचा स्वभाव राखणें, आणि स्वभावांत दोषहि आले. आज मी हा दोष सुधारीन, उद्यां दुसरा दुसरा दोष सुधारील, आणि शेवटीं १९६८ च्या गाडीच्या नांवाखालीं आपल्या सोयीची नवी गाडी उभी राहील.” या म्हणण्याला वजन आहे. जुन्या ग्रंथांचे संपादक ‘शुद्ध’ करण्याच्या भरांत काय काय पुसून टाकतात हें ज्यानें पाहिलें आहे, तो त्यास हंसणार नाहीं.

प्रश्न जुनाच आहे. अथेन्सचे लोक थीसियसचें गलबत जपून ठेवीत; फळी कुजली कीं नवी बसवीत; आणि तें गलबत तेंच कीं निराळें यावर तेथील तत्त्वज्ञ वाद घालीत, असें प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकांत हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचेंच दुसरें गलबत जुळविलें, तर खरें कोणतें? आमच्याकडे हा विचार याहून खोल गेलेला आहे. महाडला लागूनच गांधारपालेचीं बौद्ध लेणीं आहेत. महामार्गावरून जाणाऱ्या मोटारवाल्याला तीं डोंगरांत दिसतात. ज्या धर्माच्या भिक्षूंसाठीं तीं खोदलीं, त्याच धर्माच्या मिलिंदपञ्हांत नागसेन ग्रीक राजाला विचारतो कीं, तूं रथांतून आलास, तर रथ कोणता तें दाखीव. दांडी रथ आहे काय? आंस? चाकें? जूं? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करितो कीं, या सर्वांच्या जुळणीला आपण व्यवहारांत रथ हें नांव देतों, एवढेंच. अस्सलपणाचा शोध वस्तूच्या एखाद्या तुकड्यांत घेणाऱ्यास हा संवाद मोठा निराश करितो.

तरीहि मला वाटतें, मुलाचें समाधान नागसेनानें होणार नाहीं. कारण त्याला नुसती जुळणी नको, त्या काळाची साक्ष हवी आहे. म्हणून त्याच्या खोक्यांतल्या जोडीकडेच थोडें निरखून पाहूं. पन्नासांहून अधिक वर्षें ती वापरली गेली नाहीं. पण रबर वापरानेंच जुनें होतें असें थोडेंच आहे! उष्णता, हवा आणि काळ त्याला खोक्यांतहि कडक करितात. १९६८ सालचें रबर आज १९६८ चें राहिलेलें नाहीं. राहिला आहे तो त्याच्यावरचा छाप. कारखान्यांतून निघालेल्या त्या दिवसाच्या गाडीला ताजें, लवचिक रबर होतें. त्या दिवसाशीं इमान राखावयाचें तर जुनें रबर बसविणें हीच बेइमानी. म्हणजे ‘अस्सल’ म्हणून जें हातीं लागलें, तें आपल्याच कसोटीस उतरत नाहीं.

दुसरा पेंच त्या तारेच्या दोराचा. ती गाडी कारखान्यांतून दोराशिवाय निघाली. परत बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर तिला कंपनीच्याच माणसांनीं दोर बांधला असेल. मग मूळ स्वरूप कोणतें? दोर काढला तर कंपनीनें स्वतः केलेली दुरुस्ती पुसली. ठेविला तर १९६८ ची गाडी राहिली नाहीं. परीक्षकांचा कौल कांहींहि असो, मला त्या दोरांत साऱ्या गाडीहून अधिक इतिहास दिसतो. जुन्या वस्तूचें चरित्र तिच्या जन्मदिवशींच संपलें असें धरून चालणें हा कौतुकाचाच एक प्रकार असेल. तिला ओळखण्याचा हा मार्ग नव्हे.

आपल्या समाजांत जीर्णोद्धाराची जी कल्पना आहे, ती येथें उपयोगीं पडण्यासारखी आहे. मूर्ति भंगली तर ती कितीहि प्राचीन असो, पूजेंत ठेवीत नाहींत. तिचें विसर्जन करून नवीची प्रतिष्ठा करितात. नुसती झिजली असेल तर वज्रलेप देतात. पुराणवस्तुसंशोधकास ती भंगलेली मूर्तिच अधिक मोलाची वाटेल, आणि त्याचें स्थान संग्रहालयांत योग्यच आहे. पण ज्या मूर्तीपुढें उद्यां आरती व्हावयाची, तिचा न्याय वेगळा. मोटारींतहि हा भेद सरकारला सुचलेला दिसतो. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली, सांगाडा, बांधा व इंजिन यांत भरीव फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ मानिली आहे. मात्र तिला नेहमींच्या वापरास किंवा भाड्याच्या धंद्यास मनाई आहे. मूळ रूपाचा मान आणि रोजच्या रस्त्याचा हक्क, दोन्ही एकदम मिळत नाहींत. मुलाचें ‘दोन्ही’ हें उत्तर मला खटकलें तें याच कारणानें.

एक आक्षेप मी आमच्या भागांत फार ऐकतों: ‘इतकीं वर्षें टिकलें, तें आणखी टिकेल.’ महाडकरांनीं तरी हा युक्तिवाद करूं नये. सावित्रीवरचा इंग्रजी अमदानींतला दगडी पूल असाच टिकलेला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं तो पुरांत गेला, आणि दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें, आंतल्या माणसांसह, नदींत गेलीं. त्या माणसांना पुलाच्या वयाविषयीं मत विचारलें नव्हतें. माझ्या मतें सारा प्रश्न येथें येऊन ठेपतो. आपल्या वस्तूचा धोका आपण स्वतः पत्करणें यांत कांहीं एक उदात्तताहि असूं शकेल. पण रस्त्यावर ज्याला आपण ओळखतहि नाहीं, त्याच्या वतीनें तो पत्करण्याचा अधिकार अस्सलपणाच्या प्रेमानें मिळत नाहीं. गाडी मांडवांत उभी करावयाची असेल तर खुशाल जुनी बैठक घालावी. ती चालणार असेल तर अडकविलेल्या पत्र्यांची घालावी, दोर आहे तो राहूं द्यावा, आणि काय बदललें तें कागदावर लिहून गाडीबरोबर ठेवावें. बदलांत मला दोष दिसत नाहीं. बदल लपविण्यांत दिसतो. नव्या नमुन्याच्या पत्र्यांवर जुना रंग आणि जुने छाप उमटवून परीक्षकास फसविण्याची विद्याहि तिकडे आहे म्हणतात. ती मात्र मुलानें शिकूं नये, असें मीं त्याला लिहिलें. त्यानें सुधारलेली जोडी घातली. गुण कापले गेले. आणि वडिलांवर तो आठ दिवस रुसला होता.

येथवर प्रश्न सोपा होता, कारण मुलापाशीं दोन्ही जोड्या घेण्याइतके पैसे होते. पोलादपुरास तो असा सोपा राहत नाहीं. पोलादपूर हें घाटांच्या पायथ्याचें गांव. एक रस्ता आंबेनळी घाटानें प्रतापगडाच्या बाजूनें महाबळेश्वराकडे चढतो, दुसरा कशेडीकडे खेडच्या वाटेला लागतो. कशेडीस आतां बोगदा झाल्यानें पुष्कळांची ती चढण चुकली आहे. आंबेनळीस तशी सोय नाहीं. घाटांत या रबराची परीक्षा दुहेरी होते. चढतांना इंजिन एका अंगास पिळतें आणि त्या अंगाचें रबर ओढलें जातें. उतरतांना खालच्या गिअरांत इंजिनाच्याच अडवणुकीनें गाडी आवरावयाची, तेव्हां पीळ उलटतो आणि दुसऱ्या अंगाचें रबर ओढलें जातें. त्यांत वरून तेल गळत असेल तर रबर फुगून भुसभुशीत होतें. कित्येक जुन्या जीपगाड्यांत मूळचें पेट्रोलचें इंजिन काढून दुसऱ्याच गाडीचें डिझेल इंजिन बसविलेलें असतें. त्याचे कंस वेल्डिंगनें लाविलेले, बैठक तिसऱ्याच गाडीची. तेथें ‘अस्सल’ कोणाला म्हणणार? त्या गाडीस मूळच उरलेलें नाहीं. ‘योग्य’ तेवढें शिल्लक आहे.

गेल्या पावसाळ्याआधीं तेथल्या एका गॅरेजाच्या फळीवर मी माझ्या गाडीचें चाक निघेपर्यंत बसलों होतों. वरच्या वाडीवस्तींतून बाजारची माणसें आणणारी एक जीप आली. मिस्त्रीनें बॉनेट उघडून चालकाला जोर द्यावयास सांगितलें. इंजिन वीतभर उडालें. एका अंगाचें रबर फाटून दोन झालें होतें. कंपनीची बैठक मागवावयास दोन दिवस व चालकाच्या खिशांत नव्हते तितके पैसे लागणार होते. बाजारांत मिळणारी हलकी नक्कल होती. ती मिस्त्री देईना. “ही आज बसते, महिन्याने तोंड उघडते,” तो म्हणाला. चालक म्हणाला, “दादा, दोन दिवस गाडी उभी ठेवली तर हप्ता कुठनं भरू?” मिस्त्रीनें थोडा वेळ विचार केला. मग त्यानें फाटलेल्या रबराखालीं पट्ट्याचा एक तुकडा घातला, आणि इंजिनाचा कंस व सांगाडा यांना एक जाड साखळी बांधली. अगदीं ताठ नव्हे, बोटभर ढिली, म्हणजे इंजिन थरथरेल पण उडणार नाहीं.

जनरल मोटर्सनें १९७१ सालीं योजिलेला उपाय तो हाच. तिकडे त्यास अभियंत्यांनीं मान्यता दिली. इकडे आपण त्याला जुगाड म्हणून नाक मुरडतों. मिस्त्रीला तो इतिहास ठाऊक नव्हता, आणि मीं सांगितला तेव्हां त्याला त्याचें विशेष कांहीं वाटलेंहि नाहीं. तो चालकाला बजावीत होता: बाजारापर्यंत, सपाटीवर, माणसें न घेतां, घाटांत एकदांहि नाहीं, आठ दिवसांत पैसे घेऊन परत. चालकानें मान हलविली. बाहेर आधींच पांच-सहा माणसें पिशव्या घेऊन उभीं होतीं. साखळीविषयीं त्यांना कोणी कांहीं सांगितलें नव्हतें. मिस्त्री उठून जीपच्या मागच्या बाजूस गेला आणि त्यांना म्हणाला, “ह्या गाडीनं नका जाऊ. इंजिन बांधलेलं आहे.” दोघे उतरले. बाकीच्यांनीं एस. टी. ची वेळ विचारली; ती सव्वा तासानें होती; तीं बसून राहिलीं. चालक मिस्त्रीकडे रागानें पाहत होता.